मर्जिनाला कुणी सांगितलं?

अलिबाबा आणि चाळीस चोर ही गोष्ट आम्हा उर्दू शाळेतल्या मास्तरांना पाठ असते. मोकळा तास मिळाला की पोरं तीच मागतात. "खुल जा सिमसिम" म्हटलं की मागच्या बाकावरची पेंगणारी मंडळीही डोळे उघडतात. पण वर्षानुवर्षं सांगून आमचं मत असं झालं आहे की ही गोष्ट अलिबाबाची नाहीच. ती मर्जिनाची आहे.

मर्जिना कासिमच्या घरातली कनीज. कासिमचे तुकडे घरी येतात तेव्हा रडायला बायको असते, डोकं चालवायला मर्जिना. अत्ताराकडून दवा आणून मालक सख्त आजारी असल्याची बातमी ती मोहल्लाभर करते. म्हाताऱ्या बाबा मुस्तफा मोच्याला डोळ्यांवर पट्टी बांधून आणते आणि मय्यत शिवून घेते. दारावर खडूची खूण दिसली की शेजारच्या दारांवर तशीच खूण. पुढे तेलाच्या बुधल्यांत सदतीस चोर दबा धरून बसतात. मर्जिना तिथं पोचते ती काही पाळत ठेवून नव्हे. दिव्यातलं तेल संपलं म्हणून! हे आम्हाला फार खरं वाटतं. घरात काय संपलं हे नोकरालाच आधी कळतं. बुधल्यातून आवाज येतो, वेळ झाली का? दुसरं कुणी किंचाळलं असतं. ही म्हणते, अजून नाही.

शेवटी चोरांचा सरदार पाहुणा बनून येतो आणि बिनमिठाचं जेवण मागतो. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावर हात उचलायचा नाही, एवढी तहजीब त्या खुन्यातही आहे. संशय येतो तो फक्त मर्जिनाला.

आमच्या सातवीच्या वर्गात काही मुली शाळा सुटल्यावर आईबरोबर बंगल्यांवर भांडी घासायला जातात. 10 ऑक्टोबर 2006 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यास बंदी आहे, त्यामुळे कागदावर कुणीच कुणाला ठेवत नाही. "आईच्या मदतीला आली आहे," असं म्हणतात. सणाच्या आधीच्या आठवड्यात ही मदत हजेरीपटावर दिसते.

त्यांच्यातल्या एकीने विचारलं, "सर, मर्जिना को वो लफ्ज किसने बताया?"

आम्ही पुस्तक उघडलं. कुणीच नाही. अलिबाबा तिला आझाद करतो, मुलाशी तिचा निकाह लावतो. मग मुलाला गुहेकडे नेऊन शब्द शिकवतो, आणि तो पुढे पिढ्यान् पिढ्या त्यांच्या खानदानात राहतो. ज्या जादूवर घर चाललं ती मर्जिनाने कधी पाहिलीच नाही.

एक मुलगा म्हणाला, "बहू बन गई ना!"

"बहू को भी नहीं बताते," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "हमारे बंगले का दरवाजा उंगली से खुलता है. मेरी उंगली उसमें नहीं है."

ही गोष्ट अलिफ लैलाच्या जुन्या अरबी हस्तलिखितांत सापडत नाही. हलबचा हन्ना दियाब नावाचा तरुण एका फ्रेंच प्रवाशाच्या चाकरीत पॅरिसला पोचला. तिथं 1709 मध्ये त्याने ती आंत्वान गालांला तोंडी सांगितली. 1717 मध्ये ती गालांच्या पुस्तकात छापून आली. सांगणाऱ्याचं नाव रोजनिशीत होतं, पुस्तकात नव्हतं. म्हातारपणी हन्नाने आपल्या प्रवासाची हकिगत स्वतः अरबीत लिहून काढली, म्हणून तो आज माहीत आहे. वर्गाला हे सांगितलं तेव्हा मुलांना व्हर्सायच्या महालातच जास्त रस होता. हन्ना तिथंही गेला होता, बादशहाला उंदरासारखे वाळवंटी प्राणी दाखवायला.

वार्षिक परीक्षेआधी त्या मुलीच्या आईला आम्ही शाळेत बोलावलं. बुरख्याच्या बाहीला साबणाचा वास होता. तिने आमचं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "सर, इम्तिहान कौनसी तारीख से है? उतने दिन मैं अकेली जाऊंगी."

आम्ही चिठ्ठीवर तारखा लिहून दिल्या. त्या मुलीनेच तिला वाचून दाखवल्या.