भूतान की नेपाळ? एका जुन्या कार्डाने दिलेलं उत्तर

"डॉक्टर, सहलीला कुठे जावं?" असं पेशंट मला सहसा विचारत नाहीत. "आम्ही अमुक ठिकाणी चाललोय, काही गोळ्या लिहून द्या" असं मात्र निघायच्या आदल्या दिवशी येऊन सांगतात. खरं तर ठिकाण ठरवण्याआधीच डॉक्टरांशी बोलायला हवं. हे मी इतरांना सांगत आलो, पण स्वतः शिकलो तो अलीकडेच.

दर रविवारी सकाळी आम्ही चौघं बोर्डीच्या किनाऱ्यावर चालायला जातो. मी, माझी पत्नी, घोलवडचे एक चिकू बागायतदार मित्र आणि तलासरी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतले एक गुरुजी. गुरुजी वारली समाजाचे, चित्रं सुंदर काढतात. सगळ्यांनी पन्नाशी ओलांडलेली. एका रविवारी ठरलं, की दिवाळीनंतर शेजारच्या देशात जायचं. पण बसच्या खिडकीतून देवळं मोजत नाही, तर पायी फिरून तिथली घरं, भिंतींवरची चित्रं आणि माणसं बघत.

पर्याय दोन होते, भूतान आणि नेपाळ. आपल्याला दोन्हीकडे व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. भूतानमध्ये भारतीय पर्यटकाला माणशी दर रात्री १२०० रुपये शुल्क भरावं लागतं. नेपाळमध्ये तसं नाही.

माझं मत भूतानला होतं. पारोजवळच्या कड्यावरच्या तक्त्संग मठाचा, म्हणजे 'वाघिणीच्या गुहे'चा फोटो माझ्या दवाखान्यात कित्येक वर्षं टांगलेला आहे. तिथे पायी चढून जायचं, ही माझी जुनी इच्छा. सरावासाठी आम्ही बाराडच्या डोंगरावर दोनदा चढलोसुद्धा. पारशी बांधवांनी आपला पवित्र अग्नी संकटकाळी जिथे लपवून ठेवला होता असं सांगतात, त्याच बहरोटच्या गुहांपर्यंत. माझ्या पत्नीचे गुडघे चढताना नाही, पण उतरताना कुरकुरले. तेवढं चालतं, असं मी म्हणालो.

तपासणीच्या दिवशी

निघण्याआधी मी तिघांनाही दवाखान्यात बोलावलं. माझा स्वतःचा रक्तदाब गोळीने आटोक्यात होता, बागायतदार मित्रांची साखरही ठीक होती. शेवटी गुरुजींना सहज विचारलं, "सिकलसेलची तपासणी कधी झाली आहे का?"

त्यांनी पाकिटातून घडी पडलेलं एक कार्ड काढलं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शिबिरात मिळालेलं. त्यावर लिहिलं होतं, 'एएस'.

"याचा अर्थ काय, ते कुणी सांगितलं का?"

"नाही. म्हणाले, जपून ठेवा. म्हणून ठेवलं."

गुरुजी वीस वर्षं माझ्याकडे येतात. ताप, खोकला, एकदा मोडलेलं बोट. पालघर जिल्हा सिकलसेलच्या पट्ट्यात येतो, हे मला पाठ आहे. तरी वीस वर्षांत मी त्यांना हा प्रश्न विचारला नव्हता. कार्ड देणाऱ्याने अर्थ सांगितला नाही हे खरं, पण मीही विचारलं नाही. ती चूक माझीच.

'एएस' म्हणजे काय?

आपल्या रक्तातला लाल रंग हिमोग्लोबिनचा. ते शरीरभर ऑक्सिजन पोचवतं. ते तयार करण्याची सूचना आपल्याला आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी मिळते. दोन्ही सूचना नेहमीच्या असतील तर 'एए'. दोन्ही सिकलच्या असतील तर 'एसएस', म्हणजे सिकलसेलचा आजार. एक नेहमीची आणि एक सिकलची असेल तर 'एएस', म्हणजे वाहक.

वाहक आजारी नसतो. तो शेती करतो, शिकवतो, म्हातारा होतो. त्याला रोजची गोळी लागत नाही. पण ऑक्सिजन फार कमी पडला, अंगातलं पाणी कमी झालं आणि त्यातच दमछाक झाली, तर त्याच्याही काही लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊ शकतात. अशा पेशी प्लीहेत, म्हणजे आपण जिला पाणथरी म्हणतो तिच्यात, अडकून तिथला रक्तपुरवठा तोडू शकतात. अचानक डाव्या बरगडीखाली जोरात दुखतं, उलट्या होतात. बहुतेक वाहकांना असं कधीच होत नाही. झालंच तर ते साधारण अडीच-तीन हजार मीटरच्या वर होतं.

आता भूतानकडे पाहा. पारोचं विमानतळ सुमारे २२०० मीटरवर आहे. आपण डहाणूच्या समुद्रसपाटीवरून विमानाने थेट तिथे उतरणार. तक्त्संग ३१२० मीटरवर, तेही चढून जायचं. पुनाखा खाली आहे, पण थिंफूहून तिथे जाताना ३१०० मीटरची दोचुला खिंड ओलांडावी लागते. तेवढ्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे एका श्वासात समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच ऑक्सिजन मिळतो. आम्हा तिघांना ते चाललं असतं. अनेक लोक जातात.

नेपाळमध्ये उंची निवडता येते. काठमांडू १४०० मीटर, पोखरा ८००च्या आसपास, जनकपूर तर तराईच्या सपाटीवर. मात्र नेपाळ म्हणजे कमी उंची, असंही समजू नका. आपल्याकडचे अनेक यात्रेकरू मुक्तिनाथला जातात, ते ३७०० मीटरच्या वर आहे आणि पोखऱ्याहून तिथे फार झटपट पोचता येतं. म्हणजे प्रश्न देशाचा नसतो, वाटेचा असतो.

गुरुजींचं म्हणणं

मी हे सगळं समजावलं. धोका लहान आहे, तुम्ही जाऊच नये असं नाही, हेही सांगितलं. पुन्हा रक्त तपासलं. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये 'एएस'च आलं. गुरुजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुमचं ठरलंय तर तुम्ही भूतानला जाऊन या. माझ्यामुळे मोडू नका. आणि डॉक्टर, गावात बोलू नका. पोरगी लग्नाची आहे."

खरी भीती डोंगराची नव्हतीच.

मी म्हटलं, "गुरुजी, हे लपवायचं नाही, समजून घ्यायचं. मुलीची तपासणी करू. ती वाहक असली तरी लग्नाला अडचण नाही. फक्त होणाऱ्या नवऱ्याची तपासणी आधी व्हायला हवी. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल 'एसएस' होण्याची शक्यता चारात एक."

रविवारी बोर्डीला मी फक्त एवढंच म्हणालो, "नेपाळला जाऊ." कारण कुणी विचारलं नाही. पत्नी म्हणाली, "माझे गुडघे सुटले." काही दिवसांनी गुरुजींनी स्वतःच दोघांना सगळं सांगितलं.

आणि नेपाळ

काठमांडूच्या खोऱ्यात आम्ही भक्तपूरच्या गल्ल्या पायी फिरलो. एक पूर्ण दिवस धुलीखेलहून नमोबुद्ध करत पनौतीपर्यंत चाललो. ही वाट १८०० मीटरच्या आतच राहते. भुकेल्या वाघिणीला आणि तिच्या पिल्लांना राजपुत्राने आपलं शरीर दिलं, ती नमोबुद्धची कथा गुरुजी मन लावून ऐकत होते. "आमच्याकडे वाघदेव आहे," ते वाटाड्याला म्हणाले. भूतानची वाघीण हुकली, पण वाघीण भेटली.

शेवटी जनकपूर. तिथल्या बायका लग्नात वधूवरांच्या खोलीच्या भिंतीवर 'कोहबर' काढतात. गुरुजी त्या चित्रासमोर किती वेळ उभे होते! "आमचा लग्नाचा चौकही आधी सवाशिणीच काढायच्या," ते म्हणाले. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ब्रश हाती घेतला, त्यानंतर पुरुष चित्रकार पुढे आले. गुरुजींनी वहीत तिथेच चौक काढून दाखवला. भाषा नीट न कळताही त्या बायकांशी तासभर गप्पा झाल्या. परत येताना जनकपूर ते जयनगर रेल्वे, आणि तिथून मुंबई.

तुम्ही निघणार असाल तर

• ठिकाण ठरवताना सर्वांत उंच जागा आणि रात्रीच्या मुक्कामाची उंची, दोन्ही विचारा.
• २५०० मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही उंची न मानवल्याची लक्षणं समजा. त्रास होत असेल तर आणखी वर चढू नका. वाढला तर खाली उतरा. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर लगेच खाली उतरा आणि दवाखाना गाठा.
• ३००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नका.
• उंचीसाठीच्या गोळ्या मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नका. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.
• रक्तदाब-मधुमेहाची औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. इन्सुलिन गोठू देऊ नका.
• सिकलसेल वाहकांनी भरपूर पाणी प्यावं, दमछाक टाळावी. डाव्या बरगडीखाली दुखलं तर 'गॅस झाला' म्हणून थांबू नये. खाली यावं आणि दवाखान्यात 'मी वाहक आहे' हे आधी सांगावं. 'एसएस' रुग्णांनी तज्ज्ञांना विचारल्याशिवाय उंचीवर जाऊ नये.

तुमच्या घरात असं एखादं जुनं कार्ड असेल, तर आज शोधा आणि त्यावर काय लिहिलंय ते आपल्या डॉक्टरांना विचारा. कार्डच नसेल, तर सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्या.

गुरुजींच्या मुलीची तपासणी झाली. अहवाल काय आला, ते तिचं खासगी. पण ती स्वतः येऊन तो समजून घेऊन गेली, आणि जाताना विचारलं, "माझ्या मैत्रिणींनाही आणू का?"

(हा लेख माहितीसाठी आहे. आपल्या प्रकृतीनुसार आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)