रॅम बदलताना अर्थिंगच्या भरवशावर राहू नका

डेस्कटॉपची रॅम बदलायला अवजार जवळजवळ लागतच नाही. कॅबिनेटची बाजू उघडायची, स्लॉटचा खटका दाबायचा, जुनी पट्टी काढून नवी बसवायची. तरीही या कामाबद्दल एक सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो अमरावती-अकोल्यात लागू पडत नाही, असे माझे ठाम मत आहे. सल्ला असा : भिंतीवरचे बटण बंद करा, पण प्लग खोचलेलाच ठेवा, म्हणजे कॅबिनेट जमिनीशी जोडलेले राहील आणि अंगावरची स्थिर वीज त्या वाटेने निघून जाईल. भिंतीमागचे अर्थिंग शाबूत आहे, हे यात गृहीत धरलेले असते. आपल्याकडे नेमके तेच गृहीत धरता येत नाही.

आधी स्थिर विजेचे बघू. 2024च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या वर गेला आणि जिल्हा प्रशासनाला कलम 144 लावावे लागले. पण रॅमच्या दृष्टीने उन्हाळा सगळ्यात वाईट नव्हे, कारण कूलर चालू असलेली खोली दमट असते. दिवाळी उलटल्यापासून कूलर बाहेर निघेपर्यंतचे कोरडे महिने जास्त घातक, आणि उन्हाळ्यात लाइन गेलेली दुपारसुद्धा. फोमच्या खुर्चीवर बसल्याने अंगावर साठणारा दाब हवेत ओलावा असताना दीड हजार व्होल्टच्या आसपास राहतो, तर 10 ते 20 टक्के आर्द्रतेत तो 18,000 पर्यंत चढू शकतो, असे या विषयातले नेहमीचे तक्ते सांगतात. साधी प्लॅस्टिकची पिशवी टेबलावरून उचलली तरी 20,000 पर्यंत. बोटाला चटका जाणवायला साधारण 3,000 व्होल्ट लागतात, आणि बऱ्याच चिप मात्र एक-दोन हजारांचाच धक्का सोसतील अशा बेताने बनवलेल्या असतात. म्हणजे आपल्याला न जाणवलेला झटकाही चिपला मारू शकतो.

आता अर्थिंग. वऱ्हाडची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पुरलेल्या पाइपपासून ती सुटते, आणि खड्ड्यात कोणी पाणी घातले नाही तर जमिनीशी असलेला संबंध नावापुरता उरतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात उलटी अडचण आहे : मीठ वीज चांगली वाहून नेते, पण लोखंडी पाइपही खाऊन टाकते. त्यात बोर्डावरचे बटण एकच तार तोडते. वायरिंग उलटी झाली असेल तर बटण बंद करूनही फेज एसएमपीएसपर्यंत, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यापर्यंत, पोहोचतेच. संगणक चालू असताना कॅबिनेटला बोट लागले की मुंग्या येतात, हा अनुभव कित्येकांचा आहे. एसएमपीएसमधल्या गाळणीचे दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याकडे जोडलेले असतात. अर्थिंग तुटले की पत्र्यावर निम्मा, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास दाब येतो. ज्या पत्र्याला हात लावून सुरक्षित व्हायचे, तोच असा.

म्हणून प्लग पूर्ण काढा. विंडोज बंद केले तरी मदरबोर्डवर 5 व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालूच असतो. प्लग काढल्यावर पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरा आणि बोर्डावर दिवा असेल तर तो विझू द्या. मग अंगावरचा भार जाणार कुठे, हा आक्षेप रास्त आहे. पण भार जमिनीतच गेला पाहिजे असे नाही. नुकसान करतो तो दोन वस्तूंमधला फरक. हात, पत्रा, मदरबोर्ड आणि नवी रॅम एकाच पातळीवर आले की झटका बसायला कारण उरत नाही. रंगवलेला पत्रा मात्र चालत नाही; स्क्रू किंवा एसएमपीएसचे उघडे धातूचे अंग धरा. दुसऱ्या हातात रॅमचे चंदेरी पाकीट न उघडता धरा, आणि मगच ते फाडा. मनगटी पट्टा असेल तर त्याचा चिमटा त्याच उघड्या धातूला लावा. त्या पट्ट्यात एक मेगाओमचा रोधक असतो, त्यामुळे चुकून 230 व्होल्टशी गाठ पडली तरी अंगातून पाव मिलिअँपियरही जात नाही. तांब्याची तार मनगटाला गुंडाळून तो पट्टा घरी करू नका. तिच्यात रोधक नाही, ती जीव घेईल.

‘इतकी वर्षं नुसत्या हातानं करतोय, काही झालं नाही,’ असे दुकानादुकानांत ऐकू येते. चिपच्या पायांशी संरक्षक रचना असते, त्यामुळे बहुतेक वेळा खरेच काही होत नाही. पण साध्या डेस्कटॉपची रॅम आपली प्रत्येक चूक स्वतः पकडत नाही. बिघडलेली पट्टी संगणक बंद पाडेलच असे नाही. जिनिंगच्या हिशेबातला एखादा आकडा ती मुकाट्याने बदलू शकते. आणि रॅम बदलतानाच्या झटक्याशी या आकड्याचा संबंध कोणी जोडत नाही.

खोडरबराबद्दलही सांगितले पाहिजे. बीप वाजली की रॅम काढायची, सोनेरी कडा खोडरबराने घासायची, फुंकर मारून परत लावायची, ही आपली रूढ पद्धत. ती चालते, कारण कडांवरचा मळाचा थर निघतो. पुष्कळदा तर नुसते काढून घालण्यानेच संपर्क सुधारतो. पण तो सोन्याचा मुलामा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. कोरड्या हवेत घासण्याने भार साठतो आणि फुंकरीतून थुंकी उडते. कूलरच्या झोतासमोर कॅबिनेट असेल तर बोअरच्या खाऱ्या पाण्याचे तुषार तिथे मीठ सोडून जातात, आणि ते खोडरबराने फक्त पसरते. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल असते. त्यात धागे न सुटणारे कापड भिजवून कडा पुसा, पूर्ण वाळू द्या.

डीडीआर3, डीडीआर4 आणि डीडीआर5 यांची खाच वेगवेगळ्या जागी असते. खाच जुळत नसेल तर रॅमच चुकीची आहे. जोर लावू नका. जुळली की दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन खटका वाजेपर्यंत बसवा. नंतर मेमटेस्ट86 हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालू ठेवा. त्यात एकही चूक निघाली तर त्या यंत्रावर हिशेब उघडू नका, पट्टी दुकानात परत न्या.