प्रेषकाचा पत्ता

आंतरदेशीय पत्रावर प्रेषकाचं नाव-पत्ता लिहायला जागा असते. पत्र पोचलं तर त्या जागेकडे फारसं कुणी पाहत नाही. नाही पोचलं, तर टपालखात्याला तेवढाच आधार. ईमेलमध्ये प्रेषक दोन ठिकाणी लिहिलेला असतो, आणि दोन्हीकडे एकच पत्ता हवा असा नियम नाही.

वाचणाऱ्याला दिसतो तो 'फ्रॉम' म्हणजे पत्राखालची सही. त्याशिवाय एक लिफाफा असतो. त्यावरचा पत्ता पाठवणारा सर्व्हर घेणाऱ्या सर्व्हरला 'मेल फ्रॉम' या आज्ञेनं सांगतो. पत्र परत यायचं झालं तर याच पत्त्यावर येतं. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली एसएमटीपीचे नियम लिहिले, त्यांत हा पत्ता खरा की खोटा हे तपासायची सोय नव्हती.

आमच्या घरच्या जुन्या डेस्कटॉपवर आजोबांच्या वह्यांचे स्कॅन आहेत. मूळ वह्या वाळवीनं खाल्ल्या. आता उरलंय ते एवढंच. रोज रात्री बॅकअप होतो, आणि डिस्क कुरकुरायला लागली तर 'स्मार्टडी' हा प्रोग्राम मला आणि ताईला ईमेल करतो. आम्ही दोघंही दुसऱ्या शहरांत.

अशा ईमेलवर लिनक्स प्रेषक म्हणून लिहितं 'रूट', आणि पुढे यंत्राचं घरगुती नाव. आई ज्या नावानं हाक मारते त्याच नावानं पासपोर्ट काढायला जावं, तसं हे. उंबरठ्याबाहेर त्या नावाचं डोमेनच नसतं, म्हणून बाहेरचे सर्व्हर असं पत्र सहसा नाकारतात. नकाराची चिठ्ठी लिफाफ्यावरच्या पत्त्याला जाते, म्हणजे त्याच यंत्रावरच्या, कुणीही न उघडणाऱ्या टपालपेटीत. डिस्क मरत असल्याची बातमी त्याच डिस्कवर! लांब बसलेल्या माणसाला मात्र 'सगळं ठीक आहे' आणि 'पत्र पोचलंच नाही' यांतला फरक कळत नाही. दोन्ही वेळा शांतताच.

यावर पोस्टफिक्समध्ये 'एसएमटीपी जेनेरिक मॅप्स' नावाचा तक्ता आहे. डावीकडे घरचं नाव, उजवीकडे बाहेरचा खरा पत्ता. पत्र बाहेर पडताना लिफाफा आणि सही दोन्ही बदलतात. घरातल्या घरात 'रूट' हा 'रूट'च राहतो. घरगुती जोडणीवर २५ क्रमांकाचं पोर्ट बरेचदा बंद असतं, म्हणून पत्र ५८७वरून, पासवर्ड देऊन, आपल्या ईमेल सेवेच्या हवाली करायचं. एसपीएफ लिफाफ्यावरचं डोमेन तपासतं. एसपीएफ किंवा डीकेआयएमनं पडताळलेलं डोमेन सहीतल्या डोमेनशी जुळतं का, हे डीमार्क पाहतं.

उजवीकडे कुठला पत्ता लिहायचा, हा प्रश्न तांत्रिक नाही. कंपन्या 'नो-रिप्लाय' लिहितात. मी माझा रोजचा पत्ता लिहिला, कारण परत आलेलं पत्रही कुणीतरी वाचायला हवं. शिवाय सगळं ठीक असलं तरी रोज एक ओळ पाठवायची, असं यंत्राला सांगून ठेवलंय. ज्या सकाळी ती येत नाही, त्या सकाळी मी आईला फोन करून आधी विचारतो, रात्री वीज गेली होती का.