शेजारच्या सीटवरून

मिशिगनमध्ये राहणाऱ्या माणसाला दोन गोष्टींवर मत असावंच लागतं, बर्फावर आणि गाड्यांवर. लग्नानंतर साताऱ्याहून इथे नोव्हीला आले तेव्हा मला दोन्हींतलं काही कळत नव्हतं. बर्फाशी लवकर जमलं. गाडीबद्दल मत द्यायची वेळ मात्र यंदाच आली, कारण चाळिशीनिमित्त नवऱ्याने मस्टँग घ्यायची ठरवली.

घरची मोठी गाडी आहेच, ही हौसेची. मस्टँगला स्पोर्ट्स कार म्हणायचं की नाही, यावर आमच्या मित्रमंडळींत जेवणाच्या टेबलावर वाद रंगतो. १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि आता आमच्यापासून फार लांब नसलेल्या फ्लॅट रॉकच्या कारखान्यात बनते. मागे आठ वर्षांच्या लेकीपुरती जागा आहे, म्हणून ती आमच्या यादीत टिकली. माझी अट एकच होती. २०१९ पासून माझ्या कमरेतली एक चकती सरकलेली आहे. गाडी कितीही देखणी असली, तरी तिच्यातून उतरताना मला दाराला धरून दोन मिनिटं उभं राहावं लागू नये.

शोधता शोधता दोन वापरलेल्या मस्टँग जीटी समोर आल्या. रंग वेगळे, वय जवळपास सारखं. एकीत साधं सस्पेन्शन आणि १८ इंची चाकं, दुसरीत 'मॅग्नेराइड' नावाचं रस्त्याप्रमाणे बदलणारं सस्पेन्शन आणि १९ इंची चाकं. किमतीत अडीच हजार डॉलरचा फरक. नवरा म्हणाला, "बसायचं तुला आहे. तू ठरव."

मी एम.ए. भूगोलात केलं आणि इथे येण्याआधी चार वर्षं हायस्कूलमध्ये शिकवलं. त्यामुळे ठरवायचं म्हणजे आधी धडा वाचायचा, हे ओघानेच आलं. नववीच्या मुलांना मी कायिक विदारण शिकवत असे. भेगेत पाणी शिरतं, गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि खडक फोडतं. साताऱ्याच्या मुलांना हे पटवायला फार कष्ट पडायचे. इथे फेब्रुवारी-मार्चमध्ये टेन माइल रोडवरून गेलं की धडा थेट कमरेला समजतो. रात्री गोठणं, दुपारी वितळणं, वरून ट्रकची ये-जा. डांबर उखडतं आणि कडा धारदार असलेले खड्डे पडतात.

आता सस्पेन्शनबद्दल मला जे समजलं ते सांगते. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि धक्का बसला की दबते. पण दबलेली स्प्रिंग उसळतेच. झोपाळ्याला एकदा झोका दिला की तो किती वेळ हलत राहतो, तसंच. झोपाळा हाताने धरून थांबवावा तसं स्प्रिंगला आवरण्याचं काम शॉक ॲब्सॉर्बरचं, म्हणजे आपल्याकडच्या मेकॅनिकच्या भाषेत 'शॉकअप'चं. त्याच्या आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि धक्क्याची ताकद उष्णतेत जिरते.

साध्या सस्पेन्शनमध्ये या हाताची पकड कारखान्यातच ठरते. गुळगुळीत रस्ता, खड्डा, वळण, सगळ्यांना तीच पकड. मॅग्नेराइडच्या तेलात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण असतात. विजेचा प्रवाह सोडला की चुंबकत्वामुळे कण रांगेत उभे राहतात आणि तेल एका क्षणात घट्ट होतं. प्रवाह कमी केला की पुन्हा सैल. चाकांजवळचे सेन्सर रस्त्याची खबर देतात आणि सेकंदाला हजार वेळा ही पकड बदलू शकते. अशा द्रवावर अमेरिकेत १९४०च्या दशकात जेकब रॅबिनो यांनी काम केलं. हे तंत्र गाडीत आलं ते २००२ मध्ये, कॅडिलॅकच्या सेव्हिलमध्ये.

विक्रेत्याने हे सगळं कौतुकाने सांगितलं. दोन गोष्टी मात्र मला स्वतःच शोधाव्या लागल्या. पहिली, यात बदलते ती फक्त शॉकअपची पकड. स्प्रिंग आहे तीच राहते. महागड्या गाडीच्या स्प्रिंगा मुळात कडक असतील, तर बटण दाबून त्या मऊ होत नाहीत. दुसरी गोष्ट टायरची. १८ इंची चाकावरचा टायर होता २३५/५०, म्हणजे रबराची भिंत सुमारे ११७ मिलिमीटर उंच. १९ इंची चाकावर पुढचा टायर २५५/४०, म्हणजे भिंत १०२ मिलिमीटर. खड्ड्याच्या कडेचा पहिला घाव टायरच झेलतो आणि तिथे साध्या गाडीकडे दीड सेंटिमीटर रबर जास्त होतं. म्हणजे कागदावर निकाल लागेना.

मग एप्रिलमधल्या एका शनिवारी दोन्ही गाड्या एकाच वाटेवरून नेल्या. निघण्याआधी दोन्हींच्या टायरची हवा तपासली. टेन माइलवरचे खड्डे, आय-९६ वरच्या पुलांचे सांधे, पुढे केन्सिंग्टन पार्ककडचा वरखाली होणारा रस्ता. नवरा चालवणार, लेक मागे आणि मी शेजारी वही घेऊन, दहापैकी गुण द्यायला.

धारदार खड्ड्यांवर दोघींना जवळपास सारखेच गुण पडले. पुलाच्या सांध्यावर साधी गाडी थोडी पुढे गेली, तिचा आवाजही कमी. फरक पडला तो वरखाली होणाऱ्या रस्त्यावर. साधी गाडी उंचवट्यावरून उतरल्यावर आणखी एकदा हलायची. हलकंसंच, पण त्या दुसऱ्या हलण्याला माझी कंबर आपोआप आखडायची. मॅग्नेराइडची गाडी एकदाच हलायची आणि शांत व्हायची. नवऱ्याने हौसेने 'स्पोर्ट' दाबून पाहिलं. परत टेन माइलला लागल्यावर मीच ते बंद करायला लावलं.

गंमत म्हणजे नवऱ्याला दोन्ही गाड्या सारख्याच आरामदायी वाटल्या. मला त्याचं कारण तिथेच कळलं. चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो, हातात स्टिअरिंग असतं, अंग नकळत तयार होतं. शेजारी बसलेल्याला धक्का बसल्यावरच कळतो. म्हणून गाडी आरामदायी आहे का, हे चालवणाऱ्याने एकट्याने ठरवू नये.

राहिला अडीच हजारांचा प्रश्न. इथे आल्यापासून नऊ वर्षं मला पगार नाही. आमच्यासारख्या डिपेंडंट व्हिसावर आलेल्या अनेक जणी हे ओळखतील. लेकीच्या क्लासला, सासूबाईंच्या तिकिटाला पैसे लागले की आपण बिनदिक्कत मागतो. स्वतःच्या आरामावर आलं की तोंडून आपोआप निघतं, "मला काय, कुठलीही चालेल." त्यातून हे सस्पेन्शन पुढे बिघडलं, तर वॉरंटीनंतर त्याचा शॉकअप साध्यापेक्षा कितीतरी महाग पडतो. साधी घ्यायला कारणं भरपूर होती.

घरी आल्यावर मी वहीतले गुण वाचून दाखवले आणि म्हणाले, "मला दुसरी हवी." त्याने एकच विचारलं, "साध्या गाडीतून उतरल्यावर किती दुखलं?" मी खरं ते सांगितलं. त्या संध्याकाळी शेकायची पिशवी काढावी लागली होती. पुढे पैशांबद्दल काही बोलणं झालंच नाही.

जुलैत आम्ही ट्रॅव्हर्स सिटीला जाऊन आलो. जवळपास चार तासांचा रस्ता, वाटेत एकदाच थांबलो. सीट खाली असल्याने उतरायला अजूनही जरा बेत करावा लागतो, त्यावर कुठलंच सस्पेन्शन उपाय नाही. पण उतरल्यावर मी सरळ चालत गेले.

तुमच्यापैकी कुणी अशी गाडी बघत असाल तर एवढं करा. तुमचे रस्ते बहुतेक सपाट असतील आणि कुणाची पाठ तक्रार करत नसेल, तर साधं सस्पेन्शन आणि लहान चाकं उत्तम, उरलेले पैसे चांगल्या टायरना घाला. रस्ते तऱ्हेतऱ्हेचे असतील तर दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच वाटेने चालवून बघा. आणि घरात ज्याची पाठ सर्वांत नाजूक आहे, त्याला शेजारी बसवून विचारा. उत्तर "चालेल" आलं, तर पुन्हा एकदा विचारा.