दुपटे

होळी झाली की आमच्या घरी पांघरुणांची आवराआवर सुरू होत असे. सोलापूरचा उन्हाळा फार वाट पाहायला लावत नाही. मार्च सरता सरता पारा चाळिशीकडे झुकू लागतो आणि थंडीत अंगावरून न हलणाऱ्या चादरी डोळ्यांनाही नकोशा होतात. मग आई रजया आणि जाड गोधड्या गच्चीवर नेऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात टाकी, उशांना ऊन दाखवी, ढेकणांच्या संशयाने गाद्यांच्या शिवणी चाचपून पाही. शेवटी कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह सारे ट्रंकेत जाई. ज्या गावाने जकार्ड मागांवर विणलेल्या जाड सुती चादरी देशभर पाठवल्या, त्याच गावात वर्षातले तीन-चार महिने ती चादर कोणाच्याही अंगावर राहत नाही, ही गंमत माझ्या ध्यानात फार उशिरा आली.

बिछान्यासाठी मराठीने दोन शब्द वेगळे राखले आहेत : अंथरूण आणि पांघरूण. एक अंगाखालचे, दुसरे अंगावरचे. पाय पसरण्यापूर्वी हिंदी म्हण चादरीची लांबी पाहायला सांगते, आपली म्हण अंथरुणाकडे बोट दाखवते. हा फरक मी वर्गात अनेकदा सांगितला आहे आणि विद्यार्थ्यांनी तो वहीत उतरवूनही घेतला आहे. उन्हाळा आला की पांघरूण बाजूला पडते आणि सगळा विचार अंथरुणाचा उरतो, एवढी साधी गोष्ट मात्र त्या विवेचनात कधी आली नाही.

गोधडीचेही तसेच. मराठी कवितेतील गोधडी शिकवताना माझी मांडणी ठरलेली असे. जुन्या लुगड्यांचे थर, त्यांना एकत्र बांधणारा टाका, विरलेल्या जागी लावलेली ठिगळे आणि या सगळ्यांतून मिळणारी मायेची ऊब. ‘ऊब’ हा शब्द उच्चारला की चर्चा पूर्ण झाल्याचे समाधान वर्गालाही मिळे आणि मलाही. परीक्षेच्या दृष्टीने ती मांडणी सोयीची होती. ती अपुरी आहे हे मला 2019 च्या उन्हाळ्यात कळले.

त्या वर्षी आई अंथरुणाला खिळली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची आणि अंगाखाली एकही सुरकुती राहू द्यायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. मी फोमची नवी गादी आणली, तिच्यावर मेणकापड घातले आणि वर एक गुळगुळीत, झटपट वाळणारी चादर ताणून बसवली. माझ्या मते व्यवस्था चोख होती. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आई म्हणू लागली, “पाठ भाजतीय रे. माझं दुपटं काढ.”

दुपटे म्हणजे तान्ह्या मुलासाठी मऊ, जुन्या सुती कापडाचे दोन पदर जोडून शिवलेले पांघरूण. आईला भ्रम होऊ लागला आहे, तिला एखादे तान्हे मूल दिसते आहे, किंवा ती स्वतःच मनाने लहान झाली आहे, असा अर्थ मी लावला. खोटे कशाला बोलू, त्या अर्थाने मी हेलावून गेलो होतो. रात्री डायरीत ‘दुसरे बालपण’ असे काहीसे लिहूनही ठेवले. ती रोज मागत राहिली आणि मी तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिलो.

आठ-दहा दिवसांनी दिवसभर सोबतीला येणाऱ्या बाईंनी विचारले, “सर, आजी दुपटं मागायल्यात. कुठं ठिवलंय?” त्यांना त्या शब्दात कसलेही रूपक दिसले नव्हते. वस्तू मागितली आहे, म्हणजे ती घरात कुठेतरी असणार, एवढाच त्यांचा तर्क होता. ट्रंकेत तळाशी ती सापडलीही. आजीच्या लुगड्याचे दोन पदर, कडेने सुरू होऊन आत आत सरकत गेलेला बारीक टाका आणि पुरुषभर लांबी. आई दर उन्हाळ्यात तेच अंगाखाली घेऊन झोपत असे. दोन पदरी, म्हणून तिच्या बोलीत ते दुपटे. बाईंनी ते चादरीच्या जागी ताणून, कडा गादीखाली घट्ट खोचून घातले. धुऊन धुऊन ते इतके सपाट झाले होते की टाके बोटालाही जेमतेम लागत. त्या दुपारी आई सलग तीन तास झोपली.

कारण पुढे मला उमगले, आणि त्यात गूढ काही नाही. घाम सुकताना शरीरातील उष्णता घेऊन जातो. ज्याला कूसही स्वतः बदलता येत नाही, त्याच्या पाठीचा घाम सुकणार कुठे? फोम उष्णता धरून ठेवतो, मेणकापड ओल अडवते आणि कृत्रिम धाग्याची चादर ती फारशी शोषत नाही. जुने सुती कापड ती शोषून घेते, आणि कूस बदलली की वाऱ्यावर कोरडेही होते. आई ऊब मागत नव्हती. ती गारवा मागत होती आणि त्यासाठी नेमका शब्द वापरत होती. शब्दांवर उपजीविका करणाऱ्या मुलाने तो शब्द ऐकला आणि त्याचे प्रतीक करून टाकले. जूनच्या आरंभी ती गेली. ते आठ-दहा दिवस मला अजून मोजता येतात.

यंदा होळीनंतर ट्रंक उघडली तेव्हा दुपटे मधोमध विरलेले दिसले. त्या बाई अजूनही अधूनमधून घरी येतात. आईच्या साडीचे नवे अस्तर लावून ते टिकवता येईल का, असे मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, “लावता येतंय की. पण मग ते जड व्हतंय. उन्हाळ्याला कामाचं न्हाई.” थर वाढवले तर वस्तू वाचेल आणि तिचा उपयोग जाईल. पाल्यात गुंडाळून ठेवली तरी तेच.

मी ते धुऊन माझ्या गादीवर अंथरले आहे. आणखी फार तर दोन उन्हाळे निघतील. वर्गात गोधडीची कविता आली की आता विद्यार्थ्यांना आधी विचारतो : ऋतू कोणता आहे, आणि गोधडी अंगावर आहे की अंगाखाली? बहुतेकांना हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा वाटतो. एखादी मुलगी मात्र घरी जाऊन आजीला विचारून येते.