शिवारातील सोप्या वाटा : परभणी जिल्हा आणि नवख्यांचे पदभ्रमण

महाराष्ट्रात पायी सहलीचा विषय निघाला की विचार बहुधा सह्याद्रीकडे वळतो. गडकोट, घाटवाटा आणि १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर यांभोवती गेल्या काही पिढ्यांत भटकंतीची समृद्ध परंपरा उभी राहिली, तिच्यातून संस्था आणि साहित्य निर्माण झाले. परंतु त्याच परंपरेमुळे चालणे म्हणजे चढणे असा समजही रुजला. पन्नाशी ओलांडलेली, दिवसभर खुर्चीत बसून काम करणारी किंवा आजारपणातून उठलेली व्यक्ती पहिल्याच वेळी एखाद्या गडाच्या वाटेला लागते, अर्ध्या चढणीवर तिला धाप लागते, उतरताना गुडघे बोलू लागतात आणि त्यानंतर ती त्या वाटेला पुन्हा जात नाही. अशा लोकांसाठी चालण्याचा वेगळा प्रकार उपलब्ध आहे. रोज आठ ते बारा किलोमीटर अंतर, आधी ठरलेला मुक्काम, वाहनाने पुढे जाणारे सामान आणि वाट माहीत असलेला सोबती, या चार गोष्टी पुरवणाऱ्या दोन-तीन दिवसांच्या ग्रामीण सहलीला येथे मार्गदर्शित पदभ्रमण म्हटले आहे. अशा सहलीचा सोपेपणा जमिनीच्या चढउतारापेक्षा योजनेवर अधिक अवलंबून असतो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन असून त्यासाठी परभणी जिल्ह्याचे उदाहरण घेतले आहे.

या प्रकाराचा आधुनिक उगम इंग्लंडमधील गिरणी कामगारांच्या सुट्टीत सापडतो. लँकेशायरमधील कोल्न या गावचे धर्मोपदेशक टी. ए. लेनर्ड यांनी १८९१ मध्ये कामगारांच्या एका गटाला सरोवरांच्या प्रदेशातील अँबलसाइड येथे चालण्याच्या सुट्टीसाठी नेले. कामगारांनी वर्षभर साठवलेली रक्कम समुद्रकाठच्या गजबजलेल्या करमणुकीत उधळून परतण्यापेक्षा ती मोकळ्या हवेत, कमी खर्चात आणि सोबतीने घालवलेल्या सुट्टीवर खर्च करावी, हा त्यामागचा विचार होता. त्यातून सहकारी तत्त्वावरील सुट्टी-संस्था निर्माण झाल्या. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की या उपक्रमाचा पहिला प्रवासी कसलेला गिर्यारोहक नव्हता, तो यंत्रापाशी उभा राहून आयुष्य काढणारा सामान्य माणूस होता, आणि म्हणून निवास, जेवण व वाटाड्या यांची एकत्रित व्यवस्था हा त्या उपक्रमाचा गाभा ठरला.

मराठी समाजाला मात्र ही व्यवस्था परक्याकडून शिकण्याची फारशी गरज नाही. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर पालखी सोहळा मुक्काम धरून सुमारे तीन आठवड्यांत पार करतो, आणि त्यात चालणाऱ्यांमध्ये शेतकरी, वृद्ध स्त्रिया आणि एरवी पायी प्रवास न करणारे नोकरदारही असतात. हे शक्य होते याचे कारण श्रद्धेइतकेच दिंडीच्या रचनेत आहे. पुढे पताकाधारी, त्यामागे टाळकरी, मृदंग आणि विणेकरी, तुळशी वृंदावन व पाण्याचे हंडे घेतलेल्या स्त्रिया, शिस्त राखणारा चोपदार, ठरलेल्या ठिकाणी विसावा, त्याहून पुढे जेवणाचा थांबा आणि संध्याकाळी मुक्काम अशी दिवसाची वाटणी असते; अंथरूण-पांघरूण व भांडीकुंडी ट्रकमधून पुढे जातात, स्वयंपाकी मंडळी आधी पोहोचून चुली पेटवतात, आणि या सर्वांचा खर्च दिंडीकऱ्यांनी आगाऊ भरलेल्या भिशीतून, म्हणजे ठरावीक वर्गणीतून, भागवला जातो. इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख आणि दि. बा. मोकाशी यांचे ‘पालखी’ हे पुस्तक यांत शहरी, शिक्षित माणूस या रचनेत कसा सामावला जातो याचे चित्रण आढळते.

परभणी जिल्ह्याचा या परंपरेशी संबंध थेट आहे. शेगावहून पंढरपूरला जाणारी श्री गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा आणि गंगाखेड या मार्गाने परळीकडे जाते, आणि गोदाकाठचे गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी मानली जाते. त्यामुळे पायी आलेल्या पाहुण्याला पाणी देणे, ओसरी मोकळी करणे आणि पुढची वाट सांगणे या गोष्टी येथील गावांना नवीन नाहीत. मात्र वारी आणि सुट्टीतील पदभ्रमण यांतील भेद पुसून टाकणे योग्य ठरणार नाही. वारीत गावाने केलेले अन्नदान ही सेवा असते, तर सहलीला आलेल्याने त्याच अन्नाचे मूल्य चुकते करणे हा साधा न्याय आहे; वारी मोठ्या रस्त्याने व मोठ्या समुदायाने जाते, तर नवख्यांची तुकडी दहा-बारा जणांची असावी आणि शक्यतो वाहनांच्या रस्त्यापासून दूर राहावी. वारीकडून घ्यायची आहे ती विसाव्यांची आखणी, सामानाची वाहतूक आणि सर्वांत हळू चालणाऱ्याला सांभाळून घेण्याची रीत.

भूरचनेच्या दृष्टीने जिल्हा नवख्या माणसाला अनुकूल आहे. उत्तरेस जिंतूर तालुक्यात अजिंठ्याच्या रांगेच्या उपशाखा आणि दक्षिणेस गंगाखेड-पालम भागात बालाघाटाचे फाटे वगळता बहुतेक प्रदेश गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या काळ्या मातीच्या सपाटीचा आहे. चालण्याच्या वेळेचा हिशेब करताना जगभर वापरला जाणारा नेस्मिथचा नियम, जो स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडला, असे सांगतो की दर पाच किलोमीटरला सुमारे एक तास धरावा आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास जोडावा. परभणीच्या शिवारात या नियमाचा दुसरा भाग जवळजवळ निरुपयोगी ठरतो, कारण येथे वेळ वाढवणारे घटक चढाऐवजी ऊन आणि माती हे आहेत. मिश्र वयाचा नवखा गट थांबे धरून तासाला तीन किलोमीटरच्या आसपास चालतो असे गृहीत धरावे. म्हणजे दहा किलोमीटरच्या दिवसाला साडेतीन तास लागतात, आणि सकाळी साडेसहाला निघालेली तुकडी ऊन चढण्यापूर्वी, दहाच्या सुमारास, मुक्कामाला पोहोचते.

हाच हिशेब हंगामही ठरवून देतो. मे महिन्यात जिल्ह्याचे तापमान ४४ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते, त्यामुळे मार्चच्या मध्यापासून पदभ्रमण टाळावे. पावसाळ्यात काळ्या मातीतील चिकणमाती पाणी शोषून फुगते, बुटाच्या तळाला थरावर थर चिकटतात आणि प्रत्येक पाऊल जड होते. उन्हाळ्यात हीच माती आकसून तिला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उरतो, आणि तोच सर्वांत देखणा असतो : सोयाबीन निघून गेलेले असते, कापसाची वेचणी चालू असते, तूर शेंगांनी लवलेली असते, हरभरा व रब्बी ज्वारी वाढत असतात आणि पुढे हुरड्याचे दिवस येतात. याच ज्वारीच्या ‘परभणी मोती’ या वाणाचा विकास १९७२ मध्ये स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने केला, ही माहिती शेताच्या धुऱ्यावर उभे राहून ऐकताना जेवढी मनात ठसते तेवढी ती पुस्तकातून ठसत नाही.

वाटांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. भूमी अभिलेखाच्या गाव नकाशात ग्रामीण गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्गाची सव्वाआठ फूट धरली जाते. दोन्ही बाजूंच्या शेतांमधून जाणारी ही सार्वजनिक वाट म्हणजे पाणंद किंवा पांदण. प्रत्यक्षात अनेक पाणंदी नांगरटीत अरुंद झाल्या आहेत किंवा वेड्या बाभळींनी भरल्या आहेत, आणि त्या मोकळ्या करण्यासाठी शासनाला स्वतंत्र पाणंद रस्ते योजना आखाव्या लागल्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १४३ नुसार तहसीलदार शेताच्या हद्दीवरून रस्ता देऊ शकतो आणि मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ नुसार अडवलेला रस्ता खुला करून घेता येतो. परंतु या तरतुदी शेतात ये-जा करणाऱ्या शेतकऱ्यासाठी आहेत. इंग्लंडमध्ये १९४९ च्या कायद्याने सार्वजनिक पायवाटांची अधिकृत नोंद सुरू झाली, तसा फिरायला आलेल्या माणसाचा स्वतंत्र हक्क येथे नाही. म्हणून मार्ग आखताना पाणंद, कालव्याकाठचा रस्ता आणि जेथे धुऱ्यावरून जायचे तेथे शेतमालकाची आगाऊ परवानगी असा क्रम पाळावा, आणि उभ्या पिकातून कधीही जाऊ नये.

उदाहरणादाखल तीन दिवसांची एक आखणी मांडता येते. परभणी–परळी या लोहमार्गावर पोखर्णी नृसिंह हे स्थानक आहे. सकाळच्या थांबणाऱ्या गाडीने तेथे उतरून नृसिंह मंदिर पाहावे आणि दुपार कलल्यावर परिसरातील शिवारात पाच-सहा किलोमीटरचा फेरा घ्यावा. या पहिल्या दिवसाचा हेतू अंतर कापणे हा नसून कोणाचा बूट बोचतो, कोण मागे पडतो आणि कोण नको तेवढा वेगाने चालतो हे वाटाड्याला कळावे हा आहे. तेथून गंगाखेडपर्यंतचे सुमारे वीस किलोमीटर अंतर दोन दिवसांत विभागून दैठणा–धोंडी परिसरात मधला मुक्काम करता येतो. शेवटच्या टप्प्यात गोदावरी ओलांडावी लागते, आणि पुलावर वाहनांची वर्दळ असल्याने तेवढा भाग सोबतच्या वाहनाने पार करणे हिताचे आहे. गंगाखेडला जनाबाईंचे मंदिर व घाट पाहून तुकडीला रेल्वेनेच परभणीला परतता येते. आरंभ आणि शेवट दोन्ही स्थानकांवर असल्यामुळे आलेल्या वाटेने माघारी चालण्याचा कंटाळा टळतो, आणि मध्येच थकलेल्याला परत पाठवण्याचा मार्गही जवळ राहतो.

ज्यांना मुक्काम नको त्यांच्यासाठी एकेका दिवसाच्या वाटाही आहेत. जिंतूरजवळील नेमगिरीच्या टेकडीवर जैन लेणी असून सौम्य चढाचा पहिला अनुभव घेण्यास ती योग्य आहे. त्याच तालुक्यातील चारठाणा येथे मध्ययुगीन मंदिरे व बारव, म्हणजे पायऱ्यांची दगडी विहीर, आहे. सेलू तालुक्यातील वालूरची चक्राकार बारव तर गावकऱ्यांनी श्रमदानाने गाळ काढून मोकळी केली. पालम तालुक्यात गोदावरीच्या पात्रातील जांभूळबेट हे पक्षिनिरीक्षणासाठी चांगले ठिकाण आहे, मात्र पाण्याची पातळी आणि नावेची सोय आधी विचारूनच तेथे जावे.

वाटाड्याची निवड ही अशा सहलीतील सर्वांत नाजूक बाब होय. तो त्याच पंचक्रोशीतील असावा, कारण कोणत्या शेतात आज फवारणी आहे, कोणत्या आखाड्यावरचे कुत्रे अंगावर येते आणि कोणत्या ओढ्याला अजून पाणी आहे हे नकाशा सांगत नाही. पुढे एक आणि सर्वांच्या मागे एक असे दोन जबाबदार लोक असावेत, आणि गती मागच्याने ठरवावी. पहिला विसावा पाऊण तासात द्यावा. पायाला फोड येण्याची चाहूल त्याच वेळी लागते व पट्टी लावून तो टाळता येतो. नव्या बुटांपेक्षा वापरून सैल झालेले, जाड तळाचे बूट बरे, कारण बाभळीचा काटा पातळ तळातून सहज आरपार जातो. मोज्यांना चिकटणारी कुसळे काढण्यासाठी प्रत्येक थांब्यावर थोडा वेळ राखावा. ओढ्याकाठच्या गवतात आणि कडब्याच्या गंजीजवळ सापाचा संभव लक्षात घेऊन पाय पाहून टाकावा, आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा मार्ग वाटाड्याला ठाऊक असावा.

जेवणाची व्यवस्था गावातील महिला बचत गटाकडे सोपवल्यास ज्वारीची भाकरी, पिठले, ठेचा आणि ताक एवढ्यावर उत्तम भोजन होते आणि सहलीचा पैसा गावातच राहतो. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण मंजूर केले असल्याने शेतावर निवासाची सोय करणाऱ्या शेतकऱ्याला नोंदणीचा मार्गही खुला आहे. येथे एक धोका मात्र संभवतो : पाहुण्यांच्या सोयीसाठी काँक्रीटचे रस्ते, झोपाळे आणि ध्वनिक्षेपक आले की चालण्याचे कारणच संपते.

परभणी जिल्ह्यात हा उपक्रम सुरू करण्यासाठी मोठ्या गुंतवणुकीची आवश्यकता नाही. दोन स्थानकांमधील एक वाट निवडून तिच्यावरील पाणंदी ग्रामपंचायतींनी मोकळ्या ठेवणे, महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्यांनी ती मोजून तिच्यावरील सावली, पाणी व शौचालयाची ठिकाणे नोंदवणे, आणि एका हिवाळ्यात तीच वाट लहान तुकड्यांसह वारंवार चालून वेळापत्रक दुरुस्त करणे एवढे प्रारंभिक काम आहे. या दुरुस्तीत तुकडीतील सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेळ प्रमाण मानावा. तो न थकता मुक्कामाला पोहोचला आणि पुढच्या वर्षी कोणाला तरी सोबत घेऊन परत आला, तर योजना योग्य झाली असे समजावे.