पोस्टकार्डावरचा डाव

सन २००१ साली आम्ही बी. कॉम. झालो आणि नोकरीचे अर्ज धाडू लागलो. एकाचेही उत्तर नाही. आमच्या नावाने टपाल यायचे ते फक्त नागपूरच्या एका गुरुजींचे. कार्डावर चार आकडे आणि खाली सही! पोस्टमनमामांना वाटे, मटक्याचा आकडा असावा.

आम्ही दोघे टपालाने बुद्धिबळ खेळत होतो. पांढऱ्या सोंगट्या आमच्या. पहिले कार्ड ३२३४, म्हणजे तिसऱ्या उभ्या ओळीतले प्यादे दुसऱ्या घरातून चौथ्यात. मधली प्यादी सोडून अशी कडेने सुरुवात इंग्लंडच्या स्टाँटनने १८४३ साली पॅरिसच्या सामन्यात केली, म्हणून ती इंग्लिश ओपनिंग. मग जी-२ वर उंट बसवायचा आणि तिरक्या रेषेत लांबून नजर ठेवायची.

तेविसाव्या चालीला गुरुजींनी सी-६ वरला घोडा हलवला. आमचा घोडा एफ-३ वरून आधीच निघालेला. उंटाची वाट थेट बी-७ च्या प्याद्यापर्यंत मोकळी! तरी चार दिवस आम्ही कार्ड टाकले नाही. पेटीत पडलेली चाल परत घेता येत नाही ना! रात्र रात्र पट मांडून पाहिला. आई म्हणाली, "अर्ज तरी एवढ्या विचाराने लिहीत जा."

त्या एका जादा प्याद्यावर, १४ महिन्यांनी, डाव जिंकला. ‘राजा आडवा केला. अभिनंदन,’ असे गुरुजींचे कार्ड आले. आनंद झाला. पण पुढच्या आठवड्यात पोस्टमनमामा दारावरून सरळ निघून गेले, तेव्हा पोटात खड्डा पडला.

दहाव्या दिवशी कार्ड आले. ‘आता पांढऱ्या माझ्या. ३२३४.’